कपाटातली पाकिटं

(रेडिओवरून दिलेल्या भाषणाचा संपादित भाग)



आरोग्य म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आधी उभा राहतो तो डॉक्टर. मग दवाखाना, सुई, औषधांची चिठ्ठी, आणि हल्ली तपासण्यांची लांबलचक यादी. मी स्वतः डॉक्टर आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये माझी सगळी नोकरी झाली. त्यामुळे हे चित्र मला नावडण्याचं कारण नाही. पण आज मला बोलायचं आहे ते डॉक्टर नसलेल्या माणसांविषयी. गावाचं, वस्तीचं आरोग्य सुधारण्यात ज्यांचा मोठा वाटा असतो आणि ज्यांचं नाव कुठल्याच पाटीवर नसतं, अशा साध्या माणसांविषयी.

सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो.

१९८६चा पावसाळा. नोकरीला लागून मला जेमतेम तीन महिने झाले होते. एका सकाळी एक बाई दहा महिन्यांचं पोर पदराखाली घेऊन केंद्रात आली. मधे ओढा, त्याला पाणी आलेलं. ती चिखल तुडवत नऊ किलोमीटर चालत आली होती. पोराला दोन दिवस जुलाब होत होते. डोळे खोल गेलेले, टाळू खाली बसलेली, पोटाची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. पाणी पाजलं तर जुलाब वाढतील, म्हणून घरातल्या मोठ्यांनी पाणी बंद केलं होतं. हा समज तेव्हा घरोघर होता. मी सलाइन लावायला शीर शोधत राहिलो. शीर सापडली नाही. अर्ध्या तासात पोर गेलं.

ती बाई बराच वेळ काही बोलली नाही. मग तिनं विचारलं, "साहेब, घरी काय देता आलं असतं का वो?"

माझी नजर समोरच्या कपाटाकडे गेली. त्यात जलसंजीवनीच्या पाकिटांचं खोकं होतं. महिन्याभरापूर्वी जिल्ह्याहून आलेलं. मी त्याची नोंद रजिस्टरात व्यवस्थित केली होती, खोकं कपाटात ठेवलं होतं आणि रुग्ण येण्याची वाट पाहत बसलो होतो. मी तिला म्हणालो, "उशीर झाला, बाई." ते खोटं नव्हतं. पण उशीर कुणाकडून झाला, हे मी सांगितलं नाही.

या प्रसंगाला आता चाळीस वर्षं होत आली. त्या दिवशी औषध होतं, ज्ञान होतं, डॉक्टरही हजर होता. फक्त हे सगळं ज्या हातात असायला हवं होतं, त्या हातात नव्हतं.

आता याच पाकिटाची एक गोष्ट ऐका. १९७१ साली बांगलादेशाच्या युद्धकाळात लाखो निर्वासित सीमा ओलांडून पश्चिम बंगालमध्ये आले. बनगाव इथल्या छावणीत पटकी पसरली. रुग्ण खाटांवर मावेनात, जमिनीवर पडलेले. डॉ. दिलीप महालनबीस तिथे काम करत होते. शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं. तेव्हा त्यांनी एक धाडसाचा निर्णय घेतला. एक लिटर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा, असं द्रावण पिंपांमध्ये कालवलं आणि ते तोंडावाटे पाजायला सुरुवात केली. पाजणार कोण? तेवढ्या परिचारिका नव्हत्याच. रुग्णांचे आईबाप, भाऊ, बायको हेच पेले भरून नेत आणि घोट घोट पाजत. सुरुवातीला त्या छावणीत शंभरातले तीसेक रुग्ण दगावत होते. हे द्रावण घेणाऱ्यांत ते प्रमाण चारच्याही खाली आलं.

यामागचं शास्त्र अवघड नाही. जुलाबात आतडं पाणी बाहेर टाकत असतं. पण साखर आणि मीठ योग्य प्रमाणात एकत्र गेलं, की साखर मिठाला आपल्याबरोबर आत नेते आणि मिठापाठोपाठ पाणीही शरीरात शिरतं. आतड्याची ही वाट पटकीतही उघडी राहते. प्रयोगशाळेत हे त्याआधीच सिद्ध झालं होतं. पण लेखी-वाचीशी संबंध नसलेला माणूस आपल्या माणसाला हे पाजून वाचवू शकतो, हे बनगावनं जगाला दाखवलं. डॉ. महालनबीस २०२२ साली वारले आणि २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झालं.

पुढे बांगलादेशात 'ब्रॅक' या संस्थेनं एक पाऊल आणखी टाकलं. पाकीटही नको, घरात असेल ते वापरू या, असं त्यांनी ठरवलं. अर्धा शेर पाणी, मूठभर गूळ आणि तीन बोटांच्या चिमटीत मावेल तेवढं मीठ. १९८०पासून दहा वर्षं त्यांच्या कार्यकर्त्या दारोदार फिरल्या आणि एक कोटीहून अधिक घरांत आयांना हे शिकवलं. त्यांचा मोबदला ठरवण्याची पद्धत मला फार आवडते. किती घरं झाली यावर पैसे नव्हते. काही दिवसांनी दुसरा माणूस जाऊन त्या आईला विचारायचा आणि तिच्या किती ध्यानात राहिलं आहे, त्यावर शिकवणारीचे पैसे ठरायचे! तरीही सुरुवातीला अडचण आलीच. आयांना कृती पाठ, पण वापर कमी. चौकशी केली तेव्हा कळलं, की घरातल्या पुरुषांना यातलं काहीच कुणी सांगितलेलं नव्हतं आणि शिकवणाऱ्यांपैकी काहींचा स्वतःचाच त्यावर पुरता विश्वास नव्हता. मग पुरुषांशी बोलणं सुरू झालं, कार्यकर्त्यांना पुन्हा शिकवलं, तेव्हा गाडी रुळावर आली. नुसतं सांगून भागत नाही. सांगणाऱ्याला स्वतःला ते पटलेलं असावं लागतं, आणि ऐकणाऱ्याच्या घरात त्याला आधार असावा लागतो.

आपल्या महाराष्ट्रात तर याची फार मोठी उदाहरणं आहेत. तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं जामखेड घ्या. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य परदेशातलं शिक्षण संपवून १९७० साली या दुष्काळी भागात आलं. आरोग्याचं काम करायचं ठरवून आले, पण लोकांनी आधी मागितलं ते पाणी आणि अन्न. त्यांनी तिथूनच सुरुवात केली. सुरुवातीला गावांत शिकलेल्या परिचारिका ठेवून पाहिल्या. ते जमलं नाही. परक्या गावात राहायला मुली तयार नसत, आणि गावही त्यांना आपलं मानत नसे. मग गावातलीच बाई निवडायची असं ठरलं. निवडायची गावानंच. यांतल्या कितीतरी बायका निरक्षर होत्या, दलित वस्तीतल्या होत्या, काही नवऱ्यानं टाकलेल्या होत्या. ज्या बाईला कालपर्यंत कुणी ओट्यावर बसू देत नव्हतं, ती आता पाटलाच्या सुनेची बाळंतपणाआधीची तपासणी करू लागली. या बायका दर आठवड्याला जामखेडला जमत, शिकत आणि शिकलेलं गावात नेत. १९७१ साली त्या भागात जन्मलेल्या हजार बाळांपैकी १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत होती. १९९०च्या दशकाच्या मध्याला हा आकडा तिसाच्याही खाली आला. आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, ते सर्वांना माहीत आहे. मला त्याहून मोठी वाटते ती त्या बायकांची गावात बदललेली जागा.

गडचिरोलीची गोष्टही अशीच. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं न्यूमोनियावर काम सुरू केलं, तेव्हा प्रश्न होता मोजणीचा. बाळ मिनिटाला किती श्वास घेतं, यावरून न्यूमोनिया ओळखता येतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास साठ किंवा अधिक झाले, दोन महिने ते वर्षभराच्या बाळाचे पन्नास किंवा अधिक झाले, तर धोका. पण गावच्या सुइणीला साठपर्यंत मोजता येत नसेल तर? मग त्यांनी लाकडी पाटीवर मणी ओवलेलं एक साधन केलं. सोबत एक मिनिटाची वाळूची घटिका. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलं, की समजायचं, हा न्यूमोनिया. आपण एरवी म्हणतो, "या बायकांना मोजता येत नाही, त्यांना काय शिकवणार?" इथे बाईला नापास केलं नाही, मोजण्याची रीत बदलली.

पुढे तिथल्या ३९ गावांत पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेल्या बायका आरोग्यदूत झाल्या. नवजात बाळाचं वजन करणं, त्याला ऊब देणं, दूध पाजायला मदत करणं, जंतुसंसर्ग ओळखणं आणि वेळ पडली तर इंजेक्शन देणं, हे सगळं त्या घरी जाऊन करू लागल्या. इंजेक्शन बायकांच्या हाती द्यायचं म्हणजे काय, अशी शंका तेव्हा आमच्यासारख्या पुष्कळ डॉक्टरांना आली होती. १९९९च्या डिसेंबरात 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. तिसऱ्या वर्षी या गावांतले नवजात मृत्यू तुलनेसाठी घेतलेल्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. २०११पासून घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याची ही पद्धत थोड्या बदलांनी देशभर आशा कार्यकर्तींच्या कामाचा भाग झाली.

श्रोतेहो, ही मोठ्या माणसांची मोठी कामं. माझं काम त्यामानानं चिमूटभर. त्या पावसाळ्यानंतर मी खोकं कपाटातून बाहेर काढलं. पाकिटं गावोगाव वाटली. कुणाकडे? शाळेच्या गुरुजींकडे, सुइणीकडे, किराणा दुकानदाराकडे. वाटलं, झालं काम. पंधरा दिवसांनी पाहतो तर नवाच घोळ. कुणी अख्खं पाकीट एका पेल्यात कालवून पोराला पाजत होतं. हे धोक्याचं. मीठ जास्त झालं तर अपाय होतो. पाकिटावर 'एक लिटर पाणी' असं स्पष्ट छापलेलं होतं. पण लिटर म्हणजे किती, हे घराघरात कुणाला माहीत? प्रत्येकाचा तांब्या वेगळा, पातेलं वेगळं.

मी तक्ता करायच्या विचारात होतो. उत्तर काढलं ते एका म्हाताऱ्या सुइणीनं. तिच्या लेकाचा दुधाचा रतीब होता. त्याचं लिटरचं माप तिनं उचललं आणि निघाली. प्रत्येक घरात जाऊन तिथल्याच एका पातेल्यात मापानं लिटरभर पाणी ओतायचं, आणि जिथवर पाणी येईल तिथे आतून खिळ्यानं रेघ ओढायची. "पोराला हगवण लागली की ह्या रेघेपर्यंत पाणी घ्यायचं न् पुडी टाकायची." संपलं. ना तक्ता, ना व्याख्यान. मला ते सुचलं नसतं. कारण लोकांच्या स्वयंपाकघरात मी कधी शिरलोच नव्हतो.

आज पाकिटं सगळीकडे मिळतात. तरी घरात पाकीट नसेल तर काय करायचं, तेही सांगून ठेवतो. एक लिटर स्वच्छ पाणी, सपाट भरलेले सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. थोडं थोडं, चमच्या-चमच्यानं पाजत राहायचं. अंगावरचं दूध बंद करायचं नाही, जेवण तोडायचं नाही. मूल गुंगीत असेल, लघवी होत नसेल, शौचात रक्त असेल किंवा सगळं उलटून पडत असेल, तर घरी थांबू नका, लगेच दवाखाना गाठा. साध्या माणसानं डॉक्टर व्हावं असं मी म्हणत नाही. डॉक्टरपर्यंत पोचेतो जीव टिकवणं आणि कधी पोचायचं ते ओळखणं, एवढं त्याच्या हाती द्यावं, असं म्हणतो.

आता शहरातल्या श्रोत्यांना वाटेल, हे सगळं खेड्यातलं झालं. आमच्याकडे चार पावलांवर रुग्णालय आहे. बरं, मग डेंग्यू घ्या. डेंग्यूचा डास गटारात वाढत नाही, तो तुमच्या-आमच्या घरच्या साठवलेल्या साध्या पाण्यात वाढतो. फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची बशी, गच्चीवरचा टायर, झाकण नसलेलं पिंप. अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळायचा. भांडी रिकामी करायची, आणि नुसती रिकामी नाही, आतून घासायची, कारण अंडी भांड्याच्या कडेला चिकटून असतात. हे काम कुठलंही रुग्णालय तुमच्यासाठी करू शकत नाही. आणि तुम्ही एकट्यानं करूनही भागत नाही. तुमच्या घरात थेंब नाही, पण शेजारच्या बंद फ्लॅटच्या बाल्कनीत पाणी साचलंय, तर डास काही दारावरची पाटी वाचून येत नाही. तिथे लागतो तो सोसायटीतला एखादा माणूस, रविवारी सकाळी चारजणांना गोळा करून गच्चीवर नेणारा. लोक त्याला मागून हसतात. हसू द्या. माझ्या हिशेबी तो अर्धा डॉक्टर आहे.

क्षयरोगाचंही तसंच. औषध घेणं निदान सहा महिने. दोन महिन्यांत खोकला थांबतो, भूक लागते, आणि माणूस गोळ्या सोडतो. इथेच घात होतो. अशा वेळी "आज गोळी घेतली का रे?" एवढं रोज विचारणारा शेजारी मोलाचा असतो. आणि त्याहून मोलाचा तो, जो हे चारचौघांत बोंबलत नाही आणि त्याच्या घरचा चहा नाकारत नाही.

शेवटचा एक मुद्दा, आणि तो थोडा बोचणारा आहे. साध्या माणसांचं कौतुक करणं सोपं असतं, कारण कौतुकाला पैसे पडत नाहीत. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं आणि साधारण हजार लोकवस्तीमागे एक आशा, अशी रचना आली. जामखेड, गडचिरोलीसारख्या ठिकाणी जे सिद्ध झालं होतं, तेच देशभर नेण्याचा हा प्रयत्न. गरोदर बाईची नोंद, बाळाचं लसीकरण, क्षयाच्या गोळ्या, करोनाच्या काळातलं दारोदार सर्वेक्षण, सगळं तिच्याच पिशवीत. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या आशांचा गौरव केला. आणि २०२४च्या फेब्रुवारीत याच आशा मुंबईत आझाद मैदानावर बसल्या होत्या. मागणी काय, तर मानधनवाढीचं जे आश्वासन मिळालं, ते शासनाच्या आदेशात उतरावं. आपण त्यांना 'स्वयंसेविका' म्हणतो. शब्द गोड आहे. पण रात्री दोनला बाळंतिणीबरोबर रुग्णवाहिकेत बसणारी बाई हौसेनं बसलेली नसते. तिलाही घर आहे, किराण्याची उधारी आहे. स्वयंसेवा ही ज्याच्या पोटाची सोय आहे, त्यानं करायची गोष्ट. गरीब बाईच्या कामाला सेवा म्हणून मजुरी टाळणं, यात सेवा कुणाची होते, याचा विचार आपण करायला हवा. 'ब्रॅक'नं आईला काय समजलं यावर पैसे दिले, पण दिले!

तर मंडळी, तुमच्या गावात, गल्लीत अशी एखादी आशा, अंगणवाडी सेविका, म्हातारी सुईण, कुणी गुरुजी नक्की असतील. त्यांच्याकडे काय आहे, काय नाही, एकदा विचारून पाहा. ग्रामसभेत त्यांना पुढे बसवा. त्यांचं मानधन थकलं असेल तर त्यांच्यासाठी तुम्ही बोला, कारण त्या स्वतःसाठी बोलल्या की लोकांना ते कटकट वाटतं. आणि तुमच्यापैकी कुणी डॉक्टर असेल, परिचारिका असेल, औषधविक्रेता असेल, तर आपलं कपाट एकदा उघडून पाहा. कदाचित त्यात पाकिटं नसतील. डोक्यात असलेली, दोन मिनिटांत सांगता येईल अशी एखादी गोष्ट असेल.

त्या बाईला मी पुन्हा भेटलो नाही. तिचं उत्तर माझ्याकडे राहून गेलं. "हो बाई, देता आलं असतं. पाणी, मीठ, साखर. आणि हे तुला आधी सांगायचं काम माझं होतं." तिला सांगता आलं नाही, म्हणून आज तुम्हाला सांगितलं. तुम्ही ते आणखी दोघांना सांगा.